दोनशे तास

प्रेबेनची वही निळ्या पुठ्ठ्याची.
पहिल्या पानावर तारीख, दोन्ही स्पीकरचे क्रमांक,
खाली दुकानदाराचं वाक्य, पट्टी लावून अधोरेखित:
दोनशे तास वाजू द्यावेत, मग बोलावं.

तास अकरा. नव्या बुटासारखा चावतो आवाज.
तास चाळीस. चेलो अजून भिंतीला पाठ लावून उभा.
तास त्र्याण्णव. गाण्याआधी बाईनं घेतलेला श्वास ऐकू आला.
बोडिलला हाक मारली. तिला नाही आला.
तास एकशे चौदा. डावा, उजवा आता एकजीव.
तास एकशे सव्वीस.
पुढे कोरं.

अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात बोडिलनं बटण दाबलं,
काम अर्धं राहिलेलं तिला बघवत नाही.
त्याच्या तबकड्यांना तिनं हात लावला नाही,
रेडिओ लावला, समुद्राचं हवामान:
फिस्कर, टिस्क बुग्ट, स्कागेराक,
पश्चिमेचा वारा, लाटा तीन मीटर.
पीठ मळता मळता एकेका तासाला एकेक रेघ.
प्रेबेनला चालला नसता हा खुराक.

मार्चमध्ये लेमविगच्या रस्त्यावर चिखल असताना
आस्गर आला, कारखान्यातून निवृत्त,
हातात पेटी, पेटीत मायक्रोफोन.
स्पीकर परत घेता का, तिनं विचारलं होतं फोनवर.
त्यानं काठी उभी केली, नळ्यासारखा घुमणारा सूर सोडला
खालून वर, वरून खाली,
कुत्रं उठून बाहेर गेलं.

"मुरलेत का?"
"हे पहिल्या दहा मिनिटांत मुरतात, बोडिल.
कडेचं रबर, मागचं पिवळं कापड, जरा सैल पडतं,
दोन-तीन हर्ट्झ उतरतात.
रात्रभर बंद ठेवलं की त्यातले थोडे परत चढतात.
बाकीचे तास कानाचे."

"हेरिंगचं मला कळतं," ती म्हणाली.
"तिसऱ्या दिवशी काटा विरघळतो. त्यात जिभेचा भास नाही."
"नाही."
"म्हणजे तो श्वास?"

आस्गर कपाकडे बघत राहिला.
एकतीस वर्षं त्यानं हेच केलं होतं.
एकदा पडद्यामागे नवा आणि जुना ठेवून
सहकाऱ्यांनी त्याला बसवलं, दहा वेळा.
चार बरोबर, सहा चूक.
नाणं उडवलं असतं तर जेवायला लवकर जाता आलं असतं.
"श्वास पहिल्या दिवसापासून तबकडीत होता," तो म्हणाला.
"ऐकायला त्याला त्र्याण्णव तास लागले, एवढंच."

मग वही चाळताना त्याचं बोट थांबलं.
एकशे चौदा. गुरुवार.
त्यानं पान उलटलं, जरा घाईनं.

"डावा तू बदलला होतास ना?" बोडिल म्हणाली.
"सोमवारी. कॉफी मीच केली होती.
कोरा, खोक्यातून काढलेला."
"हो."
"आणि गुरुवारी एकजीव."
"हो."
तिला हसू फुटलं, ते आवरेना,
डोळे पुसायला तिनं भांड्याचा रुमाल घेतला.

"चव्वेचाळीस वर्षं घोरला माझ्या शेजारी.
पहिल्या हिवाळ्यात मी स्वयंपाकघरात झोपायचे.
नंतर तो बाहेरगावी गेला की मला डोळा लागेना.
घोरणं तेच होतं, आस्गर.
तू काठी लावून मोजलं असतंस तर
हर्ट्झभरही फरक निघाला नसता."

पेटीचा एक खटका लागत नाही,
कधीच लागत नव्हता. तो दोरी बांधून गेला.
परत नेण्याचं कुणीच बोललं नाही.

एकोणीस रेघा उरल्या होत्या.
शेवटच्या रेघेच्या संध्याकाळी
निवेदक फिस्करनंतर थांबला, टिस्क बुग्टच्या आधी,
आणि मधे काहीतरी होतं, हवेएवढं.
जुनंच असेल. वारा असेल खिडकीशी.

तिनं पेन्सिल घेतली.
तास दोनशे. खोली मोठी झाली आहे.
मग झाली आहे खोडून लिहिलं, वाटते.
मग तेही खोडलं.
तास दोनशे. खोली मोठी.